पहिली फणी

मी कधीच चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. पण चुकलं हे कबूल करायला मला जरा वेळ लागतो. एकदा तो एकतीस वर्षं लागला, आणि त्यापायी माझ्या मुलीचं पाच वर्षांचं संशोधन बुडायची वेळ आली. हिलरी, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "हे सांगायलाच हवं का?" हो, हवं. इतकी वर्षं चुकीचं गावभर सांगत फिरले, आता बरोबर काय ते सांगायला नको?

माझं नाव लतिका. वसईतल्या माणिकपूरच्या एका शाळेत मी तीसहून जास्त वर्षं गणित शिकवते आहे. मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. माझं डोकं तापायला फार काही लागत नाही. हिलरी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याचं डोकं कशानंच तापत नाही, म्हणून तर आमचं जमलं. १९७४ साली आम्ही लग्न केलं. तो पापडीचा ख्रिस्ती, मी चांदीपच्या शेतकऱ्याची मुलगी. त्या काळात असं लग्न म्हणजे केवढा गहजब! त्याच्या आईनं, आल्बिनानं, दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी बाजारातून बोंबील आणले. तेव्हापासून मी तिला माय म्हणायला लागले. माझ्या माहेरी मात्र थोरला भाऊ शत्रुघ्न म्हणाला, "या घरात परत पाय ठेवायचा नाही." वडील आधीच गेले होते. आई, कृष्णाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मागे वळून चुलीकडे गेली.

तेही मी गिळलं असतं. पण आमच्या घरात एक रीत होती. मुलगी सासरी गेली की पाचव्या दिवशी आई विहिरीजवळच्या राजेळी केळीच्या बेटातून एक मुनवा खणून काढायची. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेला कोंब. त्याची मुळं धुवायची, पिवळ्या फडक्यात बांधायची आणि मुलीच्या सासरी पाठवायची. सासूनं तो आपल्या विहिरीपाशी लावायचा. मग दर वर्षी पहिला घड धरला की त्यातली पहिली फणी माहेरी, आईला. माझ्या आत्यांना मुनवा गेला होता, मोठ्या बहिणीला गेला होता, चुलत बहिणींना गेला होता. मी पाच दिवस पापडीच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. सहाव्या दिवशी उठले आणि हिलरीला म्हटलं, "संपलं. मला माहेर नाही."

आणि मी शब्दाची पक्की. चांदीप म्हणजे काही परदेश नाही, पण मी तिकडे फिरकले नाही. १९८९ साली आई गेली, त्याचा निरोप दोन दिवसांनी आला. मी त्या दिवशी शाळेत गेले आणि नववीला प्रमेय शिकवलं. फळ्यावर आकृती चुकली, ती पुसून परत काढली. एवढंच.

आता आमच्या अंगणातल्या केळीबद्दल. पापडीच्या घरामागे विहिरीपाशी राजेळीचं बेट आहे. माझं लग्न झालं त्याच दिवसांत मायनं मुनवा लावला होता. भावाच्या वाडीतून आणला, म्हणाली. मायनं मला त्या केळ्यांची सुकेळी करायला शिकवलं. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, संध्याकाळी केळीच्या पानात गुंडाळायची, सकाळी परत उन्हात, असं आठवडाभर. नाताळात आमच्या सुकेळीला मागणी असते. मी प्रत्येक पुडा देताना सांगायचे, "आमच्या मायच्या माहेरची जात आहे. माझ्या माहेरीही राजेळी होती, पण तिला ही गोडी नव्हती." चांदीपपर्यंत हे पोचावं अशीच माझी इच्छा होती, खोटं कशाला बोलू?

घडाची पहिली फणी मात्र माय दर वर्षी माझ्याकडून कापून घ्यायची आणि पदराखाली झाकून कुठेतरी न्यायची. "देवाची आहे," म्हणायची. चर्चला देत असेल असं मी धरून चालले. मी बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण देवाच्या कामात हात आखडता घ्यायचा नाही, म्हणून भरलेली फणी बघून कापायचे. देठ नेहमी सरळ, एका घावात. तिरका देठ मला खपत नाही. एका वर्षी माय म्हणाली, "आता नको. पुरे झालं." फादरशी काही बिनसलं असेल, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. १९९६ साली माय गेली, आणि विचारायचं राहूनच गेलं.

आमची फ्लॉसी १९७७ची. एकुलती एक. लहानपणी केळं उभं चिरून बसायची आणि आजीला विचारायची, "यात बी कुठाय? बी नाही तर झाड येतं कुठून?"

माय म्हणायची, "आईच्या पायातून."

बाकीच्या मुलांनी हे ऐकून केळं खाल्लं असतं. हिनं त्याच्यावर पीएचडी केली. वनस्पतीशास्त्र घेतलं आणि संध्याकाळी माणिकपूरला कम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. शेजारीपाजारी विचारायचे, झाडंपानं शिकणाऱ्या मुलीला कम्प्युटर कशाला? मीही विचारलं. ती म्हणाली, "आई, पुढे झाडं कम्प्युटरवरच वाचायची आहेत." मला ते तेव्हा थोतांड वाटलं. २००१ साली माणसाचा जवळजवळ सगळा जनुकसंच वाचल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा फ्लॉसीनं ती कापून मायच्या फोटोखाली चिकटवली आणि पुण्याला एका संस्थेत संशोधनाला गेली.

तिचं काम तिनं मला एकदा स्वयंपाकघरात बसून समजावलं. पेशीत चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो. राजेळीला बी नाही, म्हणजे प्रत्येक मुनवा ही आईचीच नक्कल. नकलेची नक्कल, तिची नक्कल. पण वर्षानुवर्षं उतरवून घेताना कुठेतरी एखादं अक्षर घसरतं. एखाद्या बेटात अक्षर घसरलं, की तिथून पुढे गेलेल्या प्रत्येक मुनव्यात ती घसरण जाते. फ्लॉसी पानाचे तुकडे न्यायची, प्रयोगशाळेत त्यातल्या काही जागा वाचून घ्यायची आणि तिनं लिहिलेला प्रोग्रॅम ते सगळे मजकूर शेजारी शेजारी ठेवून सांगायचा, कुठलं बेट कुठल्या बेटातून आलं. कुणाला न विचारता! मला हे फार आवडलं. गणितासारखं होतं, कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

पण प्रोग्रॅम बरोबर सांगतोय हे पडताळायचं कसं? त्यासाठी अशी बेटं हवीत ज्यांचा इतिहास माणसांना पाठ आहे. आणि मुनवा कुणी कुणाला दिला हे वसईतल्या बायकांइतकं चोख कुणाला ठाऊक असणार? फ्लॉसी दोन वर्षं वाड्यावाड्यांतून हिंडली. एकेचाळीस बेटं जमवली. त्यात एक दिवस न सांगता चांदीपलाही जाऊन आली.

"कुणाला विचारून गेलीस?" मी ओरडले.

"नमुना घ्यायला गेले होते, भाची म्हणून नाही," ती म्हणाली. "पण मामानं ओळखलं. शहाळं दिलं. घरातल्या कुठल्या कुठल्या मुलींना मुनवे गेले, ती सगळी यादी दिली."

मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पण तक्ता लिहायची वेळ आली तेव्हा तिनं माझ्यासमोर वही ठेवली, कारण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसलेले. चाळीस ओळी मी लिहिल्या. बेट कुठलं, मुनवा कुणाकडून आला, कुठल्या साली. एकेचाळिसावी ओळ आमच्याच अंगणाची. "पापडी. सासू आल्बिना हिच्या भावाकडून." आणि फ्लॉसीनं विचारलं नसतानाही मी पुढे लिहिलं, "चांदीपच्या कृष्णाबाईकडून नाही." 'नाही'खाली दोन रेघा मारल्या.

२००५च्या सुरुवातीला तिचा प्रोग्रॅम चालला. चाळीस बेटं अचूक! बायकांनी सांगितलं तेच यंत्रानं सांगितलं. चांदीपच्या विहिरीवरच्या बेटात एके ठिकाणी चार अक्षरं जास्तीची पडली होती. ती खूण त्या बेटात, आणि तिथून लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या दारच्या केळीत. बाकी कुठेही नाही. फक्त एकेचाळीस नंबरचं चुकलं. प्रोग्रॅमनं आमचं अंगण उचलून वंशवृक्षात चांदीपच्या फांदीवर टांगलं होतं, माझ्या मोठ्या बहिणीच्या शेजारी.

फ्लॉसीनं आमच्या अंगणातलं ताजं पान नेऊन परत तपासलं. उत्तर तेच. मायच्या भावाची वाडी केव्हाच इमारतीखाली गेली होती, तिथे तपासायला काही उरलं नव्हतं. फ्लॉसी प्रोग्रॅमच्या मागे लागली. ओळ न् ओळ तपासली. आठ महिने! दिवाळीत घरी आली तेव्हा गाल बसलेले, केस कसेतरी बांधलेले. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, एक चूक सापडत नाहीये."

त्या सुट्टीत एका सकाळी ती पुढच्या खोलीत फोनवर तिच्या सरांशी बोलत होती. मी लसूण सोलत होते. मी कान देऊन ऐकत नव्हते, पण आमचं घर केवढं!

"नाही सर, एकेचाळिसावी ओळ प्रोग्रॅम चांदीपची म्हणतो म्हणून ती काढून नाही टाकणार. चाळीस बरोबर दाखवायचे आणि एक लपवायचा, हे खोटं होईल." पलीकडून सर काहीतरी सांगत असावेत. मग म्हणाली, "सर, तक्ता चुकलेला नाही. तो माझ्या आईनं लिहिलाय. आई चुकत नाही, ती गणिताची शिक्षिका आहे. प्रोग्रॅममध्येच काहीतरी असणार, मला सापडत नाहीये." परत सरांचं काहीतरी. "हो सर. मार्चला फेलोशिप संपते. तोवर नाही जमलं तर अंधेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीला मी हो म्हणते. बँकांचं काम आहे. चालेल मला."

चालेल म्हणे! केळं चिरून बी शोधणारी माझी पोर बँकांचं काम करणार, आणि का, तर तिला स्वतःच्या पाच वर्षांच्या कामापेक्षा माझ्या शब्दावर जास्त भरवसा. माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. मला ठाऊक होतं की तक्त्यातल्या त्या ओळीतलं मी डोळ्यांनी पाहिलेलं असं काहीच नव्हतं. माय म्हणाली ते मी धरलं, आणि पुढची दोन रेघांची 'नाही' तर नुसता माझा राग होता. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी पेपरावर भलामोठा भोपळा दिला असता.

मी आत जाऊन साडी बदलली. हिलरीला म्हटलं, "स्कूटर काढ. चांदीपला जायचंय."

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. त्याचा हा गुण मला कधी कधी फार चीड आणतो, पण त्या दिवशी नाही.

चांदीपला पोचल्यावर हिलरी रस्त्यावरच थांबला. "मला कुणी बोलावलेलं नाही," म्हणाला. मी एकटी आत गेले. शत्रुघ्न विहिरीपाशी दोरी वळत बसला होता. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. मला बघून तो उठला आणि दोरी हातातून सुटली.

"लते," तो म्हणाला. "बस. पाणी आणतो."

"पाणी नको. मला एक विचारायचंय, ते विचारून जाते. आईनं मला मुनवा दिला होता का?"

"माझ्यासमोर नाही. माझ्यासमोर कशी देणार? मी तेव्हा..." त्यानं पडलेली दोरी उचलली. "धोंडूबाईला विचार. आईचं सगळं तिला ठाऊक."

धोंडूबाई म्हणजे आमच्या शेतावरची जुनी बाई. आमची भाजी टोपलीत घालून ती पापडीच्या बाजारात विकायला नेत असे. आता ऐंशीच्या पुढे गेली होती. मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी हाक मारली तशी तिनं मान वर केली.

"लती का गं? डोला गेला माजा, पन आवाज वलकला. भांडायला आलीस?"

"मुनव्याचं विचारायला आले."

धोंडूबाई हसायला लागली. दात नव्हते, नुसत्या हिरड्या. "इतक्या वरसांनी? अगं, पाचव्याच दिशी नेला ना मी! तुज्या आयनं पहाटे उठून खनला. मुला धुतली, पिवला फडका बांधला. माज्या टोपलीत तली मुनवा, वर वांगी. तुज्या शत्रूदादाला दिसू नये म्हनून."

"मग मला का नाही दिलास?" माझा आवाज चढला. मला तो आवरता आला नाही.

"तुला कशी देऊ? तुज्या आयनं शप्पत घातली होती. बाजारात सासूच्या हातात दे, बोलली. लतीला सांगू नको. तिचा डोका गरम. माजा म्हनून कलला तर रागानं उपटून माज्या दारात आनून टाकील. सासूचा म्हनून लावू दे. झाड जगला पायजे."

उपटला असता का मी? असता. त्याच पावली चांदीपला येऊन शत्रुघ्नच्या अंगणात फेकला असता. माझी आई मला पुरती ओळखून होती, आणि मी समजत होते की तिनं मला टाकलं.

मी तिथेच शेंगांच्या टरफलांत खाली बसले. धोंडूबाईचं संपलं नव्हतं.

"आनि फनी पन मीच आनायची."

"कसली फणी?"

"पयली फनी गं! दर वरशी. तुजी सासू बाजारात येऊन माज्या टोपलीत घालायची. इतं आनली की तुजी आय देठ बघायची. बोलायची, धोंडू, हा लतीनंच कापलाय, बघ कसा सरल हाय. मग एक सोलून खायाची, इतं विहिरीवर बसून. बाकीची कुनाला हात लावू द्यायची नाय. तुजी आय गेली त्या वरशी तुज्या सासूनं मला इचारलं, आता फनी कुनाला देऊ? मी बोलले, आता कुनी नाय."

मग मला मायचं ते वाक्य आठवलं. आता नको, पुरे झालं. ते साल होतं १९८९. फादरशी काही बिनसलं नव्हतं. पंधरा वर्षं मी निवडून, देठ सरळ कापून जी फणी देवाला म्हणून देत होते, ती माझी आई खात होती. मी रडले. शाळेतल्या कुणी पाहिलं असतं तर विश्वास बसला नसता, पण चांगली मोठ्यानं रडले. धोंडूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दुसऱ्या हातानं शेंगा फोडत राहिली.

शत्रुघ्न रस्त्यावर जाऊन हिलरीला आत घेऊन आला. दोघं ओसरीवर बसून भाताच्या बियाण्यावर बोलत होते, जणू गेल्याच आठवड्यात भेटले होते. मी आले तसा शत्रुघ्न उभा राहिला. माफी मागणं त्याच्या तोंडाला जमत नाही, आमच्या घरात ते कुणालाच जमत नाही. तो म्हणाला, "जेवून जा, लते." मी जेवले. दोनदा भात घेतला.

घरी आले तर फ्लॉसी कम्प्युटरसमोर बसली होती, तिच्या त्या प्रोग्रॅमच्या ओळींत डोकं घालून. मी कपाटातून तक्त्याची वही काढली. एकेचाळिसाव्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, "पापडी. चांदीपच्या कृष्णाबाईकडून, मुलगी लतिका हिच्या लग्नात, १९७४." वही तिच्या पुढ्यात ठेवली.

"तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे," मी म्हटलं. "तक्ता चुकला होता. चूक माझी."

तिनं वाचलं. परत वाचलं. मग मी तिला सगळं सांगितलं, वांग्यांखालच्या मुनव्यापासून सरळ देठापर्यंत. ती रडत होती की हसत होती, मला कळेना. "आठ महिने, आई! आठ महिने मी प्रोग्रॅममधला बग शोधतेय!"

"मी विचारलं तेव्हा सांगायचं नाही? एकेचाळीस नंबरचं अडलंय म्हणून?"

"कसं सांगू?" ती म्हणाली. "तू म्हणाली असतीस, माझ्या आईनं मुनवा दिलाच नाही, एवढंही तुझ्या यंत्राला कळत नाही का?"

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत. घरात सगळ्यांनी मिळून मला इतकं ओळखून ठेवलंय की माझी सोयच नाही.

धोंडूबाईचं बोलणं फ्लॉसीनं चांदीपला जाऊन पुन्हा विचारून घेतलं, तारखा-सालं लावून घेतली आणि मार्चच्या आत प्रबंध दिला. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं एकेचाळीस नंबरवर बोट ठेवलं. तिथला इतिहास नंतर का बदलला, असं त्यांनी विचारलं. फ्लॉसीनं सगळं सांगितलं. परीक्षक म्हणे चष्मा पुसत बसले. चाळीस वेळा यंत्रानं माणसांचं खरं ठरवलं, आणि एकदा माणसांना ठाऊक नव्हतं तेही सांगितलं, हाच तुमच्या पद्धतीचा सगळ्यात चांगला पुरावा, असं म्हणाले.

२००७ साली तिला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. आता नुसतं वाचायचं नाही म्हणे, पुढचं काम आहे. जनुकात नेमक्या जागी कात्री चालवायची आणि घसरलेलं अक्षर जागेवर आणायचं. केळीवर पडणारे रोग त्यातून कधीतरी थोपवता येतील, अशी तिला आशा आहे. मी विचारलं, "मग ती आपली चार अक्षरं पण दुरुस्त करणार का?" ती म्हणाली, "ती चूक नाहीये, आई. ती आपली आहेत."

फ्लॉसीचं लग्न झालेलं नाही. तिशी आली, करायचं नाही म्हणते. यावरून मी तिचं डोकं पुष्कळ खाल्लं आहे. पुण्याला संस्थेच्या आवारात लावायला तिनं मागे आमच्या बेटातला मुनवा मागितला होता, तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, "मुनवा लग्नात मिळतो. लग्न कर, मग देते."

बंगळूरला जायच्या दिवशी मी सकाळीच उठून कुदळ घेतली. हिलरी म्हणाला, "मी खणतो." मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. चांगला जोमदार मुनवा बघून खणला, विहिरीच्या पाण्यानं मुळं धुतली. पिवळं फडकं घरात नव्हतं, म्हणून माझी पिवळी ओढणी फाडली. गाठ मारून तिच्या बॅगेजवळ नेऊन ठेवला.

फ्लॉसी दारात थबकली. "हे काय? माझं कुठे लग्न झालंय?"

"तुला विचारलं का मी काही? तिथे पाण्याजवळ लाव. आणि नीट ऐक," मी म्हणाले. "पहिली फणी मला पाठवायची. देवाची आहे वगैरे कुणाला सांगायचं नाही. सरळ सांगायचं, आईला पाठवतेय."